‘पैसे कसे मागू, ताई?’

गेली दोन-तीन वर्षं धुळ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो आहे. कुणी मडकी रंगवतं, कुणी नावाच्या पाट्या, कुणी साडीवर फॅब्रिक पेंटिंग करतं. हात चांगला असतो, कौतुकही होत असतं. मग खालच्या आवाजात येतं, ‘‘ताई, छंदाचा धंदा केला तर आवड मरेल का?’’

पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचे. अमळनेरच्या एका बाईंनी ती सवय मोडली. तिला सुनंदा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनंदा छत्तीस वर्षांची. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली, पुढे लग्न, मुलं. लहानपणी भाद्रपदात गल्लीतल्या गुलाबाईंच्या मूर्तींचे डोळे तीच रेखायची. आता श्रावणात कानबाई या आमच्या खान्देशी देवीच्या सणासाठी चौरंग रंगवते: लाल रंगावर पांढऱ्या-पिवळ्या वेली, कोपऱ्यांत मोर. नात्यातल्या चौघींनी करून घेतले होते, प्रत्येकी सातशे रुपयांना. मी तिला हिशेब मांडायला लावला. सुताराकडून चौरंग साडेचारशे. पॉलिश पेपर, प्रायमर, रंग, वार्निश मिळून दोनशे तीस. उरले वीस रुपये, तेही अकरा तासांच्या कामाचे.

‘‘पण ताई, कला विकायची नसते ना?’’ शाळेतले सर म्हणायचे, चाळीसगावच्या छायाचित्रकार केकी मूस यांच्याकडे बघा, अख्खं आयुष्य कलेला वाहिलं. घरात सासूबाईंचं वेगळंच, ‘‘घरना माणसेसपाइन पैसा लेतस का?’’

मी वाद घातला. म्हटलं, अजिंठा आपल्या जळगावहून हाकेच्या अंतरावर. तिथल्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. कुणीतरी खर्च केला, म्हणून ते लेणं उभं राहिलं. पैशाचा स्पर्श झाला म्हणून त्या भिंती विटल्या का? सुनंदाला पटायचं. ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा सातशेलाच चौरंग देऊन यायची. दोन बैठका माझ्या अशा गेल्या.

तिसऱ्या वेळी तिला एक चौरंग सोबत आणायला सांगितला. तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ‘‘मी गिऱ्हाईक. केवढ्याला?’’

‘‘तुम्हाला वाटेल ते द्या.’’

‘‘हा भाव झाला नाही. आकडा सांग.’’

‘‘चौदाशे... पण तुम्हाला बाराशे. हजारही चालतील.’’

मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. घासाघीस तिनं एकटीनंच करून टाकली होती! नखाला चिकटलेला लाल रंग ती खरवडत होती. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी ती ‘‘चौदाशे’’ म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून बसली. मीही गप्प. मग मुद्दाम म्हटलं, ‘‘महाग आहे.’’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बराच वेळ ती चौरंगावरच्या मोराकडे बघत राहिली. ‘‘महाग म्हणालात ना,’’ ती म्हणाली, ‘‘तेव्हा वाटलं, तुम्ही मलाच नावं ठेवली.’’

हेच ते. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले, आणि हा त्यातला एक. आवड मरेल ही भीती वरवरची होती. खाली बसलेलं वाक्य होतं: ‘कुणी नाही म्हटलं, तर माझी किंमत गेली.’ मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. माणूस प्रसंगाने जितका खचत नाही, तितका त्या प्रसंगाबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने खचतो, यावर माझा विश्वास आहे. मी विचारलं, ‘‘नाही कुणाला म्हटलं मी? तुला, की चौरंगाला?’’ ती डोळे पुसत हसली. ‘‘चौरंगाला. मग... नका घेऊ.’’

मी तिला काम दिलं: पंधरा दिवसांत पाच नकार आण. ऑर्डर आली तर आली, मोजायचे नकारच. ती चार नकार आणि दोन ऑर्डरी घेऊन आली. तिसऱ्या नकाराच्या रात्री शांत झोप लागली, असं म्हणाली.

आता तो वरचा प्रश्न. आवड खरंच मरू शकते, ती भीती खोटी नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या काही मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं. एक-दोन आठवड्यांनी ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की त्या दिवशीचं चित्र विकायचं नाही, स्टेटसलाही टाकायचं नाही. सुनंदाचा रविवार आहे.

बाकीचं व्यवहाराचं. निम्मे पैसे आधी घ्या. नात्यात द्यायचं तर पूर्ण भेट द्या, मनापासून. अर्ध्या किमतीत देऊन मनात कुढू नका, त्यानं नातंही आंबतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. निव्वळ वस्तू विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या वर जाईपर्यंत सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही, तेव्हा त्या धास्तीनं अडून राहू नका. आणि पहिल्याच वर्षी कर्ज कशाला? साधी वही करा. एका पानावर साहित्य, समोरच्या पानावर तास. तासांचं पान कोरं ठेवणाऱ्या बायका मला जास्त भेटतात, आणि तिथंच माझा जीव तुटतो.

श्रावणात हवा दमट असते, वार्निश लवकर वाळत नाही, बोटांचे ठसे उठतात. त्यामुळे यंदा सुनंदानं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्या झाल्या चौरंग घासायला घेतले. कानबाईच्या आधी तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘ताई, भाव ऐकून तिघी परत गेल्या.’’ नऊ चौरंग विकले गेल्याचं तिनं त्यानंतर सांगितलं.