ट्रायकोकार्ड लावूनही शेतात अळ्या का दिसतात?

ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक आत वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड. बहुतेक वेळा ते उशिरा लागलेलं असतं. ट्रायकोग्रामा हा मिलिमीटरभरही नसलेला गांधीलमाशीच्या कुळातला कीटक. तो पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालतो आणि ते अंडं काळं पडतं. अळी बाहेर आली की त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) पहिले पतंग दिसताच कार्ड लावा आणि दर आठवड्याला नवं लावत चार-सहा वेळा सोडा. एकदाच लावून थांबणं म्हणजे पैसे वाया.

एका कार्डावर साधारण 20,000 अंडी असतात. एकरी दोन-तीन कार्डं पुरतात, पण ती अख्खी टांगू नका. हा कीटक जेमतेम पाच-दहा मीटर फिरतो, त्यामुळे पट्ट्या कापून शेतभर पानांच्या खालच्या बाजूला टाचून घ्या. वेळ संध्याकाळची. दुपारच्या उन्हात कीटक निघताच मरतात, आणि मुंग्या असतील तर रात्रीत कार्ड साफ होतं.

लावण्याआधी भिंगातून बघाच. काळ्या अंड्यांना बारीक भोकं दिसली तर कीटक केव्हाच उडून गेलेत. ते कार्ड घेऊ नका.

फवारणीचं मात्र फार सांभाळा. कार्डाच्या आधी-नंतर आठवडाभर रासायनिक कीटकनाशक नको, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड. ते ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा खाणारे मित्रकीटकही मारतं, मग मावा दुपटीने उसळतो. अळ्या आधीच झाल्या असतील तर बीटी जिवाणूची फवारणी घ्या, ती या मित्रकीटकांना जपते.