अल्टरनेटर घरी उघडावा की नवाच बसवावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. रात्री ठाण्यात घोडबंदर रोडने घरी येताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो, दिवसा जाणवत नाही. बॉनेटखालून हलकी घरघर येते. गॅरेजवाल्याने 'अख्खा अल्टरनेटर बदला' असं सांगितलंय, आणि तुमच्याकडे पान्यांचा सेट, मल्टिमीटर आणि एक मोकळा रविवार आहे.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग. त्यात काही वस्तू घासून संपतात आणि काही जळतात. कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे) आणि दोन बेअरिंग घासून संपतात, ते घरी बदलता येतात आणि बदलावेत. स्टेटर (स्थिर भाग) किंवा रोटर (फिरता भाग) यांचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे, जळलं असेल, तर मात्र घरी हात घालू नका. तुमच्या वर्णनावरून काम पहिल्या प्रकारचं वाटतं, पण हे उघडण्याआधी पक्कं करायला हवं. बऱ्याच वेळा अल्टरनेटर चांगला असतो आणि दोष बॅटरीत किंवा एखाद्या वायरीत निघतो.

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू करण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज मोजा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. बॅटरीच म्हातारी असेल तर ती आधी चार्ज करून तपासून घ्या, कारण एक सेल गेलेली बॅटरी चांगल्या अल्टरनेटरलाही दिवसभर राबवते. मग गाडी सुरू करून रेस दीडदोन हजारावर धरा. तुमच्या गाडीइतक्या जुन्या गाडीत १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. आता हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावा. व्होल्टेज तेराच्या खाली घसरत गेला तर चार्जिंग पुरत नाहीये. (हे आकडे जुन्या पद्धतीच्या गाड्यांसाठी आहेत. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे मधूनच साडेबारा दिसले तरी तो दोष नसतो.)

यानंतरची चाचणी फारसं कुणी करत नाही, तुम्ही नक्की करा. सगळे लोड (हेच दिवे, ब्लोअर, डिफॉगर) चालू असताना मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा तिचं टोक खराब आहे. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यातही तसंच मोजा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठची शहरं. इथल्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगच्या (बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या) पट्ट्यांवर हिरवट क्षार साचतो, आणि ती पट्टी घासून साफ केली की पुष्कळदा दिवा विझतो. त्यासाठी अल्टरनेटर उतरवायची गरजच नसते.

आता मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. ०.५ पेक्षा जास्त आलं तर डायोडवर (अल्टरनेटरचा एसी करंट डीसी करणारे भाग) संशय घ्या. खराब डायोड रात्री उभ्या गाडीतली बॅटरीही पितो, त्यामुळे 'सकाळी गाडी उचलत नाही' ही तक्रार असेल तर ती इथे जुळते. शेवटी फॅन बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. बोटांना खरखर लागली किंवा पुली बाजूला हलली, तर घरघर बेअरिंगची आहे. बेल्ट काढून गाडी अगदी अर्धा मिनिट चालवली आणि आवाज गेला, तरी तेच. मात्र त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर यापेक्षा जास्त वेळ इंजिन चालू ठेवू नका, आणि आवाज पंपाचा नाही ना हेही पंपाची पुली हलवून बघा.

मंद दिव्याचं कारण सांगतो. बऱ्याच गाड्यांत या दिव्याच्या एका टोकाला इग्निशनचा प्लस येतो आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरच्या आतला व्होल्टेज. दोन्ही सारखे असले की दिवा विझलेला राहतो. आतला व्होल्टेज थोडा कमी पडला की थोडा करंट वाहतो आणि दिवा मिणमिणतो. रात्री जॅममध्ये एसी, हेडलाइट, वायपर सगळं चालू आणि इंजिन आयडलवर (रेस न देता), अशा वेळी हा फरक उघड होतो. अल्टरनेटरवर लिहिलेले अँपिअर त्याचा रोटर मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेत असतानाचे असतात. आयडलला रोटर साधारण दोन हजारावर असतो आणि जवळपास निम्माच करंट देतो. ब्रश आखूड झाले असतील किंवा एखादा डायोड गेला असेल तर ती कमतरता नेमकी तेव्हा दिसते. जुने इलेक्ट्रिशियन अशा वेळी अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला लाकडी दांड्याने हलकं टकटक करून बघतात. दिवा विझला तर ब्रश स्लिप रिंगला (रोटरवरच्या तांब्याच्या कड्यांना) नीट टेकत नाहीत, असा त्याचा अर्थ.

एक गोष्ट कुणीही सांगितली तरी करू नका: चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून 'बंद पडते का बघू' ही चाचणी. लोड अचानक सुटला की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कित्येक पटीने उसळतो आणि त्यात डायोड, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), कधी ईसीयू (इंजिनचा संगणक) सुद्धा जातो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली ही सवय अजून टिकून आहे आणि तिने अनेकांना मोठा खर्च लावला आहे.

चाचण्यांनी ब्रश किंवा बेअरिंगकडे बोट दाखवलं तर उघडा. आधी बॅटरीचा मायनस काढा. अल्टरनेटरची जाड वायर किल्ली काढलेली असतानाही जिवंत असते, पाना बॉडीला लागला तर ठिणगी नव्हे, जाळ होतो. जोडण्यांचे फोटो काढून ठेवा. बाहेर काढल्यावर पुढच्या आणि मागच्या झाकणावर मार्करने एक सरळ रेघ मारा, म्हणजे परत जोडताना तीच बाजू जुळेल. लांब बोल्ट आपल्या हवेत गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि डोक्यात नीट बसणाराच पाना वापरा. पुलीचा नट घरी सुटत नसेल तर टायरवाल्याकडे इम्पॅक्ट गन असते, तिथे दोन मिनिटांचं काम आहे. रोटरच्या पंख्यात स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवू नका, पाती वाकतात.

उघडल्यावर आधी नाकाने आणि डोळ्यांनी तपासा. स्टेटरच्या तारांवरचं वॉर्निश एकसारखं तपकिरी असेल तर ठीक. तीनपैकी एकच फेज (तारांचा एक संच) काळी पडली असेल तर बहुधा डायोड शॉर्ट आहे आणि त्याने ती फेज भाजली आहे. सगळंच काळं आणि जळका वास असेल तर पुढे जाऊ नका. स्टेटरचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की साध्या मीटरवर आतले दोनचार वेढे शॉर्ट झालेले कळत नाहीत. मीटर 'ठीक' म्हणाला म्हणून काळा स्टेटर परत बसवू नका.

रोटरचं मात्र मीटरवर कळतं. दोन स्लिप रिंगांमध्ये साधारण दोन ते पाच ओहम यायला हवेत, आणि रिंग ते शाफ्ट काहीच यायला नको. रिंगवर नुसता काळपटपणा असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ करा. नखाला खाच लागत असेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एखाद्या लेथवाल्याकडून हलका कट मारून घ्या. तांबं आरपार घासलं असेल तर नवी स्लिप रिंग बसवणं हे इलेक्ट्रिशियनचं काम आहे.

ब्रश बदलणं सोपं आहे, पण एका ठिकाणी खूप जण फसतात. ब्रशची मऊ जाळीदार वायर होल्डरला डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली असते. डाग देताना कथील त्या वायरीत वर चढलं की ती ताठ होते, ब्रश खाली सरकत नाही आणि महिनाभरात दिवा परत येतो. वायर चिमट्याने वरून पकडून ठेवा, उष्णता तिथेच थांबते. डाग दिल्यावर ब्रश बोटाने दाबून सोडा, स्प्रिंगने तो झटकन बाहेर यायला हवा. तुमच्या मॉडेलला ब्रश आणि रेग्युलेटर एकत्र सुटं मिळत असेल तर तेच घ्या, डागाची भानगडच राहत नाही.

बेअरिंग दोन्ही एकदम बदला. एक घासलं म्हणजे दुसऱ्यानेही तितकेच किलोमीटर केलेत. बाजूच्या सीलवरचा नंबर बघून त्याच मापाचं, दोन्ही बाजूंनी सीलबंद आणि उष्णता झेलणारं बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घ्या. नकली बेअरिंगचा खोका अस्सलपेक्षा देखणा असतो आणि अल्टरनेटरमध्ये ते पहिल्या उन्हाळ्यातच बोलायला लागतं. शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर दाब द्या, झाकणात बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलटं केलंत तर दाब गोळ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. ॲल्युमिनियमचं झाकण हॉट एअर गनने तापवलं की बेअरिंग जवळजवळ आपसूक बसतं. मागच्या बेअरिंगवर प्लास्टिकचं कडं असेल तर ते जपून ठेवा. आणि वाइंडिंग पेट्रोल-डिझेलने धुवायचा मोह टाळा, वॉर्निश सैल होतं. हवा मारा, साफसफाईचा कोरडा ब्रश फिरवा, तेवढं पुरे.

जोडताना होल्डरच्या मागे बारीक भोक असतं, त्यातून ताठ तार घालून ब्रश आत दाबून धरा आणि झाकण बसल्यावर तार ओढून घ्या. जाड वायरीच्या बोल्टखालचा इन्सुलेशनचा वॉशर विसरलात तर बॅटरी जोडताक्षणी थेट शॉर्ट होईल. म्हणून बॅटरी जोडण्याआधी तो बोल्ट आणि बॉडी यांच्यात मीटरच्या पिना उलटसुलट करून दोनदा लावून बघा, एका दिशेने तरी अडलंच पाहिजे.

डायोड प्लेट आणि रेग्युलेटर हा मधला प्रदेश आहे. स्क्रूने बसणारे असतील तर सुटे आणून बदला. स्टेटरच्या तारा डायोडला डाग देऊन जोडलेल्या असतील तर छोट्या सोल्डरिंग गनने ते होत नाही, आणि जास्त वेळ तापवलं तर नवा डायोडच जातो. हात बसलेला नसेल तर तेवढं काम बाहेर द्या.

बाहेर म्हणजे कुठे, यावरही बोलतो, कारण 'घरी की नवा' यांच्यामध्ये हा तिसरा रस्ता आहे आणि बहुतेकांसाठी तोच बरा. वागळे इस्टेट, तुर्भे, कळंबोलीचा ट्रक टर्मिनल या भागांत ट्रकांचे डायनॅमो (बोलीत अल्टरनेटरच) रोज उघडणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. ज्याच्याकडे टेस्ट बेंच (अल्टरनेटर गाडीबाहेर फिरवून तपासायचं यंत्र) आहे त्याच्याकडेच जा, समोर लोडवर फिरवून दाखवायला सांगा आणि काढलेले जुने भाग परत मागा. तुम्ही घरी दुरुस्त केलात तरी शेवटी एकदा बेंचवर फिरवून घ्या. पूर्ण लोडचा करंट घरी मोजायची सोय आपल्याकडे नसते.

नवा कधी घ्यायचा? वाइंडिंग जळलं असेल, झाकणाला तडा असेल, बेअरिंगची जागाच सैल झाली असेल, किंवा वंदना टॉकीजजवळ साचतं तसल्या पाण्यात गाडी उभी राहून अल्टरनेटर बुडाला असेल तेव्हा. नवा घेताना ल्युकास टीव्हीएस, बॉश, डेन्सो, व्हॅलिओ यांपैकी तुमच्या गाडीत मूळ जो असेल तोच बघा. अँपिअर, पुलीवरच्या खाचा, कनेक्टरच्या पिना जुन्याशी ताडून घ्या आणि ते होईपर्यंत जुना भंगारात देऊ नका. बिननावाचा स्वस्त नवा अल्टरनेटर मी कुणालाही सुचवणार नाही. त्यापेक्षा तुमच्या मूळ अल्टरनेटरमध्ये चांगले बेअरिंग आणि ब्रश टाकलेले मला कितीतरी भरवशाचे वाटतात, कारण त्याचं तांबं आणि लोखंड सव्वा लाख किलोमीटर टिकून दाखवलेलं आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळतो, पण तो कुठल्या गाडीतून निघाला आणि पाण्यात होता का, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. घ्यायचाच तर बेंचवर तपासल्याशिवाय नको.

पैशांचं गणित साधं आहे. ब्रश आणि दोन बेअरिंग काही शेकड्यांत येतात, चांगला नवा अल्टरनेटर हजारांत जातो. पण रविवार तुमचा जातो, आणि काम अर्धवट राहिलं तर सोमवारी गाडी नाही हे धरून चाला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर जाड पुठ्ठा अंथरा, बोल्ट जाळीत गेला की परत मिळत नाही. शक्यतो हे मेअखेरपर्यंत उरका. पावसात वायपर, लाइट, डिफॉगर सगळं एकदम लागतं आणि कमजोर अल्टरनेटर तेव्हाच दगा देतो.

हे सगळं तुमच्या गाडीपुरतं आहे. वाचणाऱ्या इतरांसाठी दोन अपवाद. जुन्या डिझेल जीप-सुमो वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकचा बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग) त्यावर चालतो. तिथे चूक म्हणजे ब्रेक जड होणं, म्हणून ते काम घरी करू नका. आणि ज्या गाडीत अल्टरनेटरच स्टार्टरचंही काम करतो, अशी माइल्ड हायब्रिड कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्या.

तुम्ही आधी सकाळचा व्होल्टेज, लोडवरचा व्होल्टेज, दोन्ही वायरींमधला फरक आणि एसी व्होल्टचा आकडा मोजून इथे लिहा. बेल्ट काढून पुली फिरवल्यावर हाताला काय लागलं तेही सांगा. ब्रश आणि बेअरिंगच निघाले तर अल्टरनेटरच्या पट्टीवरचा नंबर टाका, म्हणजे कुठलं माप आणायचं ते रविवारच्या आधी ठरवता येईल.