रिकाम्या घराचे फोटो आधी, सामान नंतर
भाड्याच्या घरात सामानाचा टेम्पो येण्याआधी, दिवसाच्या उजेडात, दारापासून न थांबता व्हिडिओ काढा. मग प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी. तडा दिसला तर शेजारी मोजपट्टी धरूनच फोटो घ्या, नाहीतर घर सोडताना तो जुना की वाढलेला यावर वाद होतो. ओल हाताला लागते, फोटोत नाही. ती घराच्या स्थितीची यादी करून त्यात लिहा. वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या बाजूला तळमजला घेत असाल तर पुराच्या पाण्याने दारांच्या चौकटी खालून फुगल्यात का, हे आवर्जून बघा. नळ, फ्लश, गीझर चालवून पाहा. वीजमीटरचं रीडिंग मीटर नंबरासकट टिपा. यादीवर तुमची आणि घरमालकांची, दोघांच्या सह्या हव्यात. फोटो घरमालकांना त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधे पाठवले तर आकार कमी होऊन बारीक चरे पुसट होतात.