आधी फीची तारीख सांगा

मागच्या वेळी मुलांच्या शिक्षणाच्या पैशावर ओझरतं लिहिलं आणि सांगली-साताऱ्याकडून प्रश्नांची रीघ लागली. बहुतेकांचा सूर एकच : "कुठं गुंतवू?" माझा उलटा प्रश्नही एकच असतो : पोरगं बारावी कोणत्या साली होणार? कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, जागा लागली की कॉलेजात हजर होऊन फी भरायला मोजके दिवस मिळतात. तेव्हा व्याज किती मिळालं हे कुणी विचारत नाही, पैसे मोकळे आहेत का एवढंच बघतात. ते डोक्यात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

आमची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. मुलगी 6 वर्षांची आहे. वर्षाला 40 हजार बाजूला टाकू शकतो. सुकन्या समृद्धीचं खातं काढलं तर मुलगी 18 ची झाली की सगळे पैसे मिळतात, असं एकानं सांगितलं. खरं का? (तासगाव तालुक्यातील एक आई)

ताई, योजना चांगली आहे, पण ऐकलंत ते अर्धवट आहे. सुकन्याची मुदत मुलीच्या वयावर चालत नाही. खातं उघडल्यापासून 21 वर्षं मोजतात. आज उघडलंत तर ते मुलीच्या 27 व्या वर्षी पिकणार. दहावी झाल्यावर किंवा 18 पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण आदल्या 31 मार्चच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच, तेही कॉलेजची फी दाखवून आणि तेवढ्याच रकमेपुरते.

आकड्यात बघू. या योजनेचा दर दर तिमाहीला सरकार ठरवतं. जानेवारी 2024 मध्ये तो 8.2 टक्के झाला. तोच धरला तर वर्षाला 40 हजारप्रमाणे 12 वर्षांत सव्वाआठ लाखांच्या आसपास जमतील. त्यातले हातात येणारे जेमतेम चार लाख. बाकीचे तिच्या नावावर सुरक्षित राहतील, बुडणार नाहीत. पण हॉस्टेलवाल्याला ते दाखवून भागत नाही.

म्हणून 20 हजार सुकन्यात टाका आणि 20 हजार तिच्या 18 व्या वर्षी पूर्ण मोकळे होतील असे ठेवा. इंडेक्स फंड, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड, चालेल. फक्त तो तुमच्या स्वतःच्या नावावर घ्या. का, ते पुढं साताऱ्याच्या उत्तरात येईल.

तुमच्यासारख्यांना सुकन्याची एक गोष्ट फार सोयीची आहे : दरमहा भरण्याची सक्ती नाही. कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा विकला गेला, पट्टी आली, की तेव्हा भरा. वर्षाला किमान 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख, एवढीच चौकट. ऐन काढणीत पाऊस झाला आणि वर्ष हातचं गेलं तर 250 रुपये भरून खातं जिवंत ठेवा. तेही राहिलं तर 50 रुपये दंड भरून चालू करता येतं. आणि पैसे भरायचेच तर 5 तारखेच्या आत भरा. 5 तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज धरतात. 6 तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. नातू 2 वर्षांचा. निवृत्तीच्या पैशातले 5 लाख त्याच्या शिक्षणासाठी ठेवायचे आहेत. गावची पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते. की नातवाच्या नावे पीपीएफ काढू? (कराड)

गुरुजी, आधी पीपीएफचं सांगतो. अज्ञान मुलाचं खातं आई, वडील किंवा कायदेशीर पालक उघडू शकतात. आजोबांना ते उघडता येत नाही. तुमच्या मुलानं उघडलं तरी त्याचं स्वतःचं आणि नातवाचं मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे.

आता पतसंस्था. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं कवच असतं, दर ठेवीदाराला दर बँकेत 5 लाखांपर्यंत, व्याजासह. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा आहे, त्याआधी एक लाख होती. सहकारी बँकांनाही ते कवच आहे, पतसंस्थांना नाही. पाटी दोन्हीकडे सारखीच दिसते, काउंटरवरचा माणूसही ओळखीचाच असतो. फरक कळतो तो शटर खाली आल्यावर.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. मी अकरावीत असताना आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेच्या शटरवर एका सोमवारी वहीचा कागद चिकटवलेला होता : "व्यवहार तात्पुरते बंद". वडील निळं पासबुक खिशात घालून रोज तिथं जाऊन उभे राहायचे, जणू ते दिसलं की कुणी आतून कडी काढेल. माझी पहिल्या वर्षाची फी मामानं भरली. पतसंस्थेकडून पैसे आले, हप्त्या-हप्त्यानं. शेवटचा हप्ता आला तेव्हा मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं. सगळ्याच पतसंस्था अशा नसतात, मान्य. पण नातवाच्या फीचा पैसा त्या परीक्षेला बसवू नका.

माझं मत विचाराल तर 5 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, तुमच्याच नावावर ठेवा. मुदत 5 वर्षांची, पुढं वाढवता येते. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 10,250 रुपये व्याज खात्यात येतं. ते व्याज नातवासाठी मुलाच्या म्युच्युअल फंडात वळवा. मुद्दल तुमचं तुमच्याकडे राहील. उद्या तुमचं स्वतःचं ऑपरेशन निघालं तर पोराकडं हात पसरायला नको. नातवाच्या मायेपोटी आजी-आजोबा आपली औषधपाण्याची सोय मोडतात, हे मी फार पाहिलंय. वारसनोंद मात्र आजच करून टाका.

मी एमआयडीसीत नोकरीला, पगार 28 हजार, वय 31. मुलगा 3 वर्षांचा. तो वर्षाचा असताना त्याच्या शिक्षणासाठी 20 वर्षांची विमा पॉलिसी घेतली. वर्षाला 24 हजार हप्ता, विमा साडेचार लाखांचा. पुढं चालू ठेवू का? (सातारा)

दादा, बोटं मोजा. मुलगा वर्षाचा असताना 20 वर्षांची पॉलिसी, म्हणजे पैसे तो 21 चा झाल्यावर येणार. कॉलेज 18 ला सुरू होणार. तीन वर्षांचा फरक विकणाऱ्यानं सांगितला नाही आणि तुम्ही विचारला नाही.

दुसरं, साडेचार लाख म्हणजे तुमचा सोळा महिन्यांचा पगार. तुमचं काही बरंवाईट झालं तर पोराचं शिक्षण सोळा महिन्यांत आटोपणार आहे का? तुम्हाला हवा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, 50 लाखांच्या विम्याचा वर्षाचा हप्ता सध्याच्या हप्त्याच्या निम्म्याहून कमी बसतो. मुदतीनंतर हातात काही येत नाही म्हणून लोक नाकं मुरडतात. घराचं कुलूप चोरी झाली नाही म्हणून परत कुणी देतं का?

पण आधी टर्म पॉलिसी हातात येऊ द्या, मगच जुनीला हात लावा. कंपनीकडून लेखी दोन आकडे मागा : आज मोडली तर काय मिळेल, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीला काय मिळेल. दोन हप्त्यांतच नुकसान होऊन जाऊ दे. गेलेल्या 48 हजारांमागे आणखी 18 हप्ते टाकण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही.

वाचलेल्या पैशातून महिन्याला दीड हजाराची एसआयपी, म्हणजे दरमहाचा ठरलेला हप्ता, इंडेक्स फंडात लावा. 15 वर्षांत 10 टक्क्यांनी वाढ झाली तर सव्वासहा लाख, 7 टक्क्यांनीच झाली तर पावणेपाच. बाजार हमी देत नाही, म्हणून दोन्ही सांगितले. दरवर्षी पगारवाढ झाली की एसआयपी 10 टक्क्यांनी वाढवलीत तर पहिला आकडा 11 लाखांच्या आसपास जातो. समोरची बाजूही बघा : आज एखाद्या कोर्सला सगळा मिळून 6 लाख खर्च येत असेल आणि तो वर्षाला 8 टक्क्यांनी वाढला, तर 15 वर्षांनी 19 लाख होईल. 11 पुरणार नाहीत. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज आहे, त्यात कमीपणा नाही.

मुलगा पंधराचा झाला की फंडातली रक्कम टप्प्याटप्प्यानं एफडीत हलवायला लागा. ऐन प्रवेशाच्या महिन्यात बाजार आपटलेला असू शकतो.

आणि हे सगळं तुमच्या नावावर. मुलाच्या नावावरचा फोलिओ (फंडातलं खातं) तो 18 चा झाला की थांबतो. त्याचं पॅन, केवायसी, बँक खातं नव्यानं जोडेपर्यंत ना एसआयपी चालते ना पैसे निघतात, आणि हे होतं नेमकं प्रवेशाच्या धांदलीत. करही वाचत नाही, कारण अज्ञान मुलाचं असं उत्पन्न पालकाच्याच उत्पन्नात धरतात.

आमचा गलाईचा (सोनं-चांदी गाळण्याचा) धंदा, दक्षिणेत असतो. मुलांसाठी सोनंच घेत राहिलो तर? (विटा)

सोन्याचं तुम्हाला मी काय सांगणार! घ्यायचंच तर दागिना नको, वेढणी घ्या, घडणावळ वाया जाणार नाही. सरकारी सुवर्णरोखे फेब्रुवारी 2024 नंतर नव्यानं निघालेले नाहीत, गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा घेता येणारा सोन्याचा फंड) मिळतो. मात्र सगळं सोन्यात नको. भाव वर्षानुवर्षं निपचित पडून राहिलेलाही तुम्हीच पाहिलाय. शिवाय घरात आलेलं सोनं फीसाठी मोडायची वेळ आली की घरात कसली चर्चा होते, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

मी शिवणकाम करते, मिस्टर नाहीत. मुलीची आठवीची परीक्षा झाली. महिन्याला दीड हजार निघतात. आता सुरुवात करून उपयोग आहे का? (सांगली)

आहे ताई. चार वर्षं आहेत. बँकेत 48 महिन्यांचं आवर्ती खातं उघडा. साडेसहा टक्के धरले तर 82 हजारांच्या आसपास होतील. पोस्टाची आरडी 5 वर्षांची असते आणि तीन वर्षांनंतर मोडली तरी नुसतं बचत खात्याचं व्याज मिळतं, म्हणून तुमच्यासाठी ती नको.

82 हजारांत इंजिनिअरिंग होत नाही, ही भीती रास्त आहे. पण तुम्हाला पूर्ण फी जमवायचीच नाही. 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण माफ करतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप यात येत नाहीत. तुमचे 82 हजार त्यासाठी. सांगलीत वालचंद आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरून जाता आलं तर मोठा खर्च तिथंच वाचतो. आणि बाहेर नामांकित संस्थेत लागलीच, तर नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, कर्जाला तारण आणि जामीनदार लागत नाही. जामीनदार शोधत नातेवाइकांच्या दारात जायला नको, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

तुमचं खरं काम कागदांचं आहे. मुलीच्या नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर एकच आहे का, ते याच सुट्टीत बघा. तिचं बँक खातं आधारशी जोडून घ्या. डोमिसाईल आधीच काढून ठेवता येईल. उत्पन्नाचा दाखला मात्र 31 मार्चला संपतो, तो बारावीच्या वर्षी एप्रिलमध्येच नव्यानं काढा. जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायलाही जागा नसते.