हातोडा कशावर पडतो? जुन्या इटालियन गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी गेली पंचवीस वर्षे जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करतो. गाडी जुनी झाली की किंमत उतरते, हे आमचे पहिले सूत्र. असे असताना न्यूयॉर्कच्या लिलावात १९६२ सालची एक फेरारी ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली, असे वाचनात आले. त्या गाडीत असे काय आहे? आणि बातमीतला आकडा म्हणजे बोलीचीच रक्कम असते का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आकडा बरोबर आहे. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी आरएम सदबीज या लिलावगृहाने विकलेली ही गाडी फेरारी २५० जीटीओ कुळातली, ३७६५ या चेसी (सांगाडा) क्रमांकाची होती. तिने १९६२ साली खुद्द फेरारीच्या कारखाना-संघाकडून जर्मनीतील नुर्बुर्गरिंगच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला होता. मात्र आपले सूत्रही खोटे नाही, कारण या गाड्या आधी त्याच वाटेने गेल्या होत्या. नवी असताना अमेरिकेत जीटीओची किंमत अठरा हजार डॉलरच्या आसपास होती, आणि शर्यतीची गाडी दोन-तीन हंगामांत मागे पडते म्हणून तिचा भाव झरझर खाली आला. टेक्सासमधील एका शाळेला भेट मिळालेली अशीच एक जीटीओ १९७२ साली साडेसहा हजार डॉलरना विकली गेली आणि पुढे ओहायो राज्यातील एका शेतात, ट्रेलरवर चढवलेल्या अवस्थेत, ऊन-पाऊस-बर्फ खात वर्षानुवर्षे उभी राहिली. तिचे पत्रे भंगारवाल्याने नेले नाहीत, हा निव्वळ योगायोग म्हणायचा.

मग भाव चढले कशाने? संख्या कमी आहे, हे पहिले उत्तर सगळेच देतात. १९६२ ते १९६४ या काळात तीन लिटरच्या इंजिनाच्या अवघ्या ३६ जीटीओ तयार झाल्या. ‘जीटीओ’मधील ‘जीटी’ म्हणजे ‘ग्रान तुरिझ्मो’, लांब प्रवासाची वेगवान गाडी; शेवटचे अक्षर ‘ओमोलोगातो’ या इटालियन शब्दाचे, म्हणजे शर्यतीच्या वर्गासाठी अधिकृत मान्यता मिळालेली गाडी. अशा मान्यतेसाठी शंभर गाड्या बांधणे आवश्यक होते. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांनी मात्र ही नवी गाडी नसून आधीच्या २५० जीटीचेच सुधारित रूप आहे, असा दावा पुढे केला आणि तो मान्यही झाला. नियमातली पळवाट शोधण्याची ही हातोटी आपल्याला काही नवी वाटू नये. पण संख्या कमी असणे एवढेच पुरेसे असते, तर एखाद्या हौशी माणसाने परसात बांधलेली जगातली एकुलती एक मोटार सर्वांत महाग ठरली असती. जीटीओने १९६२, १९६३ आणि १९६४ या तिन्ही वर्षी जीटी गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदात आपल्या वर्गात बाजी मारली. शिवाय ती रस्त्यावर चालवता येते. आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट ही, की या ३६ गाड्यांपैकी प्रत्येकीचे चरित्र जवळजवळ पूर्ण माहीत आहे : कोणत्या दिवशी कोणत्या शर्यतीत कोण चालक होता, गाडी कुठे आपटली, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली. बोली लावणारा माणूस पत्रा आणि इंजिन पाहून हात वर करत असला, तरी पैसे मोजतो ते या सलग चरित्राचे.

आकड्याविषयी आपण विचारलेत ते बरे झाले, कारण बातम्यांत याची हमखास गल्लत होते. लिलावकर्त्याचा हातोडा ज्या रकमेवर पडतो ती एक, आणि त्यावर खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायची दलाली धरून होणारी दुसरी. छापून येते ती बहुतेक वेळा दुसरी. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे विकल्या गेलेल्या ३४१३ जीटी या चेसी क्रमांकाच्या जीटीओचेच उदाहरण घ्या. हातोडा पडला ४ कोटी ४० लाख डॉलरवर. त्यातील पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के, म्हणजे ३० हजार, आणि उरलेल्या ४ कोटी ३७ लाख ५० हजारांवर १० टक्के, म्हणजे ४३ लाख ७५ हजार, अशी आकारणी झाली आणि बेरीज ४ कोटी ८४ लाख ५ हजारांवर पोहोचली. न्यूयॉर्कच्या गाडीला याच हिशेबाने हातोड्याची रक्कम ४ कोटी ७० लाख येते. विक्रेत्याशी ठरलेली राखीव किंमत मात्र गुप्त असते. बोली तिथवर पोहोचली नाही, तर गाडी आली तशी परत जाते. एवढे होऊनही लिलावातील सर्वांत महाग मोटारीचा मान इटलीकडे नाही. तो २०२२ साली १३ कोटी ५० लाख युरोंना विकल्या गेलेल्या मर्सिडीझच्या ३०० एसएलआर कूपेकडे आहे.

प्रश्न : साठ वर्षांत या गाड्या आपटल्या असणार, इंजिने बदलली असणार, पत्राकाम तर नक्कीच झाले असणार. मग ‘अस्सल’ म्हणायचे कशाला? नक्कल ओळखतात कशी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जुनी गाडी घेताना आपल्याकडे चेसीवर पंच केलेल्या क्रमांकावर कागद ठेवून, त्यावरून पेन्सिल फिरवून ‘चेसी प्रिंट’ काढतात आणि ती आरसी बुकाशी ताडून पाहतात. लाखो डॉलरच्या गाडीची तपासणीही मुळात याच जातीची असते, फक्त आरसी बुकाच्या जागी कारखान्याची जुनी दफ्तरे येतात. चेसी क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्यावरील क्रमांक हे सर्व कारखान्यातून निघतानाच्या नोंदीशी जुळले, तर त्या गाडीला ‘मॅचिंग नंबर’ची म्हणतात. फेरारीने या कामासाठी २००६ साली इटलीत, आपल्या कारखान्याच्या मारानेलो गावी, ‘क्लासिके’ नावाचा विभाग सुरू केला. मूळ आराखडे आणि नोंदी तेथेच असल्यामुळे त्यांचे प्रमाणपत्र लिलावाच्या यादीत आवर्जून नमूद केले जाते.

परंतु अस्सलपणा म्हणजे काहीही न बदलणे, असा अर्थ केला तर शर्यतीची एकही गाडी त्यात बसणार नाही. वर उल्लेखलेली ३४१३ जीटी पाहा. १९६२ साली ती एका आकाराची होती. पुढे १९६४ च्या नव्या रचनेचे संपूर्ण कवच तिला चढवण्यात आले, आणि तरीही २०१८ साली तिने त्या वेळचा लिलावाचा विक्रम केला. कारण ते कवच मूळ गाडी घडवणाऱ्या मोदेनाच्या सर्जो स्काल्येत्ती यांच्याच कारखान्यात, गाडीच्या शर्यतीच्या काळातच चढले होते. हेच काम चाळीस वर्षांनंतर दुसऱ्या कोणी केले असते, तर ते ‘दुरुस्ती’ या सदरात गेले असते आणि किंमत सपाटून पडली असती. म्हणजे बदल कोणता, यापेक्षा तो कोणी आणि कधी केला याला अधिक वजन असते.

स्काल्येत्तींच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोडीने ठोकून घडवत. पुण्याच्या तांबट आळीत घागर घडताना पाहिलेल्या वाचकाला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. नजरेच्या अंदाजाने केलेल्या या कामामुळे दोन जीटीओ बारकाईने मोजल्या तर तंतोतंत सारख्या भरत नाहीत, डाव्या-उजव्या बाजूंतही फरक सापडतो. नक्कल करणारे लोक त्याच कुळातील कमी किमतीच्या २५० जीटीई या चार आसनी गाडीचा सांगाडा घेऊन त्यावर जीटीओचे कवच चढवतात. या हव्यासापायी किती चांगल्या जीटीई कापल्या गेल्या, याचे मला अधिक वाईट वाटते. अशा नकला कित्येकदा मूळ गाडीहून जास्त चकचकीत आणि सममित असतात, आणि जाणकाराची नजर नेमकी तिथेच अडते. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, २०१९ साली बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओच्या आकाराला कलाकृती म्हणून संरक्षण देऊ केले. तो खटला नकलेच्या प्रयत्नावरूनच उभा राहिला होता.

अस्सलपणाचे वेड कोणत्या टोकाला जाते हे पाहायचे असेल, तर पॅरिसमधील फेब्रुवारी २०१५ चा आर्टक्युरियल लिलावगृहाचा लिलाव पाहावा. पश्चिम फ्रान्समधील बायों कुटुंबाच्या आवारात सुमारे साठ जुन्या गाड्या दशकानुदशके धूळ खात पडल्या होत्या. त्यांपैकी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर ही फेरारी, जी एके काळी अभिनेते आलँ दलाँ यांच्याकडे होती, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली. रंग उडालेला, कातडे सुकलेले, अंगावर धुळीचा थर, अशा अवस्थेत ती मंचावर आणली गेली आणि सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. तिला आधी धुऊन, नवा रंग मारून आणले असते तर तिचे मोल वाढले नसते, घटले असते. आपल्या गॅरेजवाल्यांना हे पटवणे मला आजवर जमलेले नाही.

प्रश्न : अशा गाडीत पैसा गुंतवणे सोन्यापेक्षा किफायतशीर ठरेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मी तसा सल्ला देणार नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यावर आधीच तापलेला बाजार भडकला, जीटीओचे व्यवहार एक कोटी डॉलरच्या वर गेले, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेच भाव निम्म्याहूनही खाली आले. न्यूयॉर्कच्या ज्या गाडीने पहिल्या वाचकाला चकित केले, तिच्याकडूनही विक्रीपूर्वी सहा कोटी डॉलरहून अधिक रकमेची अपेक्षा होती. सोने तिजोरीत पडून राहते. बारा सिलिंडरांचे आणि सहा वेबर कार्बुरेटरांचे इंजिन मात्र पडून राहिले की बिघडते आणि चालवले की झिजते.

प्रश्न : आमच्या आजोबांनी १९६१ साली घेतलेली फियाट ११०० अजून दारात उभी आहे. इंजिन मूळचे आहे, रंग दोनदा दिला आहे. गाडी इटालियन आहे, म्हणून विचारतो : हिला काही मोल येईल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : माँटेरेची वाट धरू नये, हे प्रथम सांगतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या गाड्या पुढे पद्मिनी या नावाने मुंबईच्या रस्त्यारस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावल्या, त्यामुळे दुर्मीळपणाचा मुद्दा येथे लागू होत नाही. तथापि आपल्या दारातील गाडीचे मोठ्या घराण्याशी एक नाते आहे. अल्फा रोमिओ या इटालियन मोटार कंपनीपासून वेगळे झाल्यावर एन्झो फेरारी यांनी १९४० साली आपल्या कार्यशाळेत जी पहिली गाडी बांधली, ती ८१५ या नावाची होती, आणि तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनासाठी फियाट ५०८ सी, म्हणजे त्या वेळची ‘११००’, हिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचे भाग वापरले होते. आपल्या बॉनेटखालचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन त्याच ५०८ सीच्या इंजिनाचे वंशज आहे. अशा दोनच ८१५ बांधल्या गेल्या, त्यांपैकी एक, पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते झालेल्या तरुण अल्बेर्तो अस्कारी यांनी चालवली, आणि दोन्ही गाड्या पहिल्याच शर्यतीत मध्येच बंद पडल्या.

व्यवहारापुरते सांगायचे तर, २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, तर आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच मुभा आहे. या नियमातील व्याख्येनुसार गाडी मूळ रूपात असली पाहिजे आणि चेसी, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसला पाहिजे. आपले इंजिन मूळचे आहे, म्हणून ते बदलून डिझेलचे बसवण्याचा सल्ला कोणी मिस्त्री देत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. आजोबांच्या नावाचे आरसी बुक, विमा आणि गॅरेजची जुनी बिले यांतले काय सापडते ते पाहून, सारे एका फायलीत लावून ठेवावे.