मेंढ्यांच्या खुराकात प्रतिजैविकाची भुकटी मिसळावी का?

प्रश्न : कोकरे लवकर वजनाला यावीत म्हणून अथणी तालुक्यातील काही मेंढपाळांनी भरड्यात टेट्रासायक्लिनची भुकटी मिसळली. चार-पाच दिवसांत मोठ्या कोकरांनी चारा सोडला व त्यांची लेंडी पातळ झाली. भुकटी चालू ठेवावी का?

उत्तर : भुकटी आजच बंद करावी. कडबा किंवा उसाचे वाडे मेंढी स्वतःच्या पाचकरसांनी पचवू शकत नाही. तिच्या कोटीपोटातील (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू आंबवून त्यांची आम्ले बनवतात आणि तिला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के भाग या आम्लांतूनच मिळतो. टेट्रासायक्लिन रोगजंतू आणि हे उपकारक जिवाणू यांत भेद करीत नाही, त्यामुळे तंतूंचे पचन मंदावते, रवंथ कमी होतो आणि भूक मरते. दोन महिन्यांच्या आतील, दुधावरच्या कोकरांचे कोटीपोट पुरते तयार झालेले नसल्याने त्यांच्यात हा त्रास कमी दिसतो. म्हणूनच लहान कोकरांचा अनुभव चरणाऱ्या मेंढरांना लावू नये.

खुराकात मिसळल्या जाणाऱ्या मोनेन्सिन या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी आहे. ते ठरावीक जिवाणूंनाच रोखते, त्यामुळे कोटीपोटात प्रोपिऑनिक आम्ल वाढते, मिथेन वायूच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा वाचते आणि रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवींनाही आळा बसतो. तथापि उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने, फावड्याने ढवळलेल्या भरड्यात एखाद्या मेंढीच्या वाट्याला जास्त औषध येऊन तिच्या हृदयाचे स्नायू निकामी होऊ शकतात. आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावीशी वाटते : आपल्याकडे मेंढरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी घोडी असतात आणि घोड्याला हे औषध अतिशय घातक आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅम एवढ्यानेही घोडे दगावते. असा खुराक घोड्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नये. कोंबडीखाद्यातही बहुधा याच गटातील औषधे असतात, म्हणून ते मेंढरांना वा घोड्यांना घालू नये.

आजारी कोकरांचा भरडा तूर्त थांबवून त्यांना कोरडा कडबा व स्वच्छ पाणी द्यावे. दोन दिवसांत रवंथ सुरू न झाल्यास, किंवा त्याआधीच कोकरू मलूल पडल्यास, पशुवैद्यकांना बोलवावे. निरोगी मेंढीच्या कोटीपोटातील रस पाजून सूक्ष्मजीव पुन्हा रुजवता येतात. पुढे भरडा सुरू करताना तो मूठभरापासून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. कोकरांचे वजन वाढवण्यासाठी शेंगदाणा पेंड आणि वेळेवर दिलेले जंतनाशक एवढ्यावर भर द्यावा.