केबिनमध्ये तू आत बस

"ताई, मी २६ वर्षांची. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, नोकरी पुण्यात. नववीत असताना गुडघे-घोटे सुजायचे, ताप यायचा. हृदयाला सूज आहे असं सांगून डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सुरू केलं. बारावीनंतर हॉस्टेलला आले आणि ते सुटलं. गेल्या वर्षापासून जिना चढताना धाप लागते, रात्री दोन उशा घेऊन झोपते. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, अरुंद झालाय, गळतोयही. नळीतून फुगा घालून तो रुंद करण्याने काम होणार नाही, बदलावाच लागेल म्हणतात. आई म्हणते, आधी लग्न उरकू. छातीवर एवढी खूण असलेली मुलगी कोण करून घेईल? पप्पा आणि मामा डॉक्टरांशी बोलायला आत जातात, मी घाबरेन म्हणून मला बाहेर बाकावर बसवतात. मरणाची भीती वाटतेच, पण त्याहून जास्त हे टोचतं, की सगळं माझ्यावाचूनच ठरतंय."

बाळ, तुझं शेवटचं वाक्य वाचून मला माझी धाकटी बहीण आठवली. २८व्या वर्षी तिचाही हाच व्हॉल्व्ह बदलला. कोणता व्हॉल्व्ह बसवलाय, हे तिला शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी कळलं, तेही नर्सने सहज सांगितलं म्हणून. मोठ्यांनी आत बसून ठरवलं होतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण पुढे मूल हवं म्हटल्यावर काय काय पाहावं लागतं, हे तिला तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणून तुला पहिल्यांदा हेच सांगते: पुढच्या वेळी केबिनमध्ये तू आत बस. पप्पांनाही घे, मामांनाही घे, पण पेशंटच्या खुर्चीत तू.

इंजेक्शन सुटलं याबद्दल स्वतःला दोष देत बसू नकोस. घसादुखीच्या एका जंतूपासून हा संधिवाताचा ताप येतो. सांधे बरे होतात, व्हॉल्व्हवरचा घाव मात्र आतल्या आत वाढत राहतो. अठराव्या वर्षी, काहीच दुखत नसताना, दर तीन आठवड्यांनी सुई टोचून घ्यायला किती मुली जातात? मात्र आता डॉक्टरांना विचार, की ते पुन्हा केव्हा सुरू करायचं. व्हॉल्व्ह नवा बसला तरी पेनिसिलीन संपत नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली तर ते सुईने द्यायचं की गोळीने, तेही विचार.

आता लग्नाचं. आईची काळजी मला कळते, पण "आधी लग्न" हे तुझ्या जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. अरुंद व्हॉल्व्हमधून ते पुढे जाऊ शकत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं. दिवस गेल्यावर प्रकृती बिघडून पळापळ करण्यापेक्षा आधी हृदय दुरुस्त होऊ दे. आणि लपवून ठेवणार कसं? धातूचा व्हॉल्व्ह बसला तर रोज ठरलेल्या वेळी गोळी असते. रात्री पंखा बंद केला की बहिणीच्या उशाशी घड्याळासारखी बारीक टिकटिक मला ऐकू यायची. शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याला ती ऐकू येणार नाही का? स्थळ पाहायला बसाल तेव्हा दुसऱ्या भेटीच्या आत, तू स्वतः, साध्या शब्दांत सांग. जो ऐकून मागे फिरेल तो आत्ताच फिरलेला बरा. माझ्या बहिणीला तीन ठिकाणाहून नकार आला. चौथ्याने विचारलं, "गोळी किती वाजता असते?" त्याच्याशीच तिचं लग्न झालं.

कोणता व्हॉल्व्ह, ही यातली खरी अवघड गोष्ट आहे.

धातू-कार्बनचा व्हॉल्व्ह सहसा झिजत नाही, पण त्यावर रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा तशीच गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. मायट्रलसाठी तो आकडा बहुधा २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. मेथी, पालक, शेपू सोडायचं नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असंही करायचं नाही. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी नाही, कुणी दिलेला काढा नाही. पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. हे बायकांना कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आणि गरोदरपणात ही गोळी बाळापर्यंत पोचते, पहिल्या तीन महिन्यांत त्याला इजा करू शकते. म्हणून दिवस राहण्याआधीच हृदयाचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनी बसून आखणी करावी लागते. तशी आखणी करूनही जोखीम उरतेच.

प्राण्याच्या ऊतीचा व्हॉल्व्ह असेल तर सहसा काही महिनेच रक्त पातळ ठेवावं लागतं, गरोदरपण त्यामानाने सोपं जातं. पण तरुण वयात तो लवकर झिजतो. साधारण १० ते १५ वर्षं धरतात, तुझ्या वयात त्याहून कमीही. मग पुन्हा छाती उघडायची, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड. तुझ्या वयाला बहुतेक सर्जन पहिला पर्याय सुचवतात, पण मूल हवं असेल तर दुसऱ्याचाही विचार करतात. मी तुला "हाच घे" म्हणणार नाही. मूल हवंय का, दर महिन्याला रक्त तपासायला जमेल का, दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी आहे का, याची उत्तरं मामांकडे नाहीत. आणि हेही स्पष्ट विचार, "व्हॉल्व्ह न बदलता आहे त्याचीच दुरुस्ती होईल का?" या आजारात ती अवघड असते, पण प्रश्न विचारायलाच हवा.

मामा "इम्पोर्टेडच घालू, देशी नको" म्हणाले तर त्यांना सांग, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने घडवलेला चित्रा व्हॉल्व्ह १९९० साली पहिल्यांदा माणसाला बसवला आणि त्यानंतर लाखाहून अधिक रुग्णांना तो बसला आहे. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, पण भरती होण्याआधी.

मरणाची भीती. काही होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. सर्जनला सरळ विचार, माझ्यासारख्या पेशंटमध्ये तुमच्याकडे धोका किती? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. शुद्धीवर येशील तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. बहिणीला माहीत नव्हतं, ती फार घाबरली. छातीचं हाड तारांनी जोडतात, ते भरून यायला दोन-तीन महिने लागतात. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. महिनाभर आई तिची वेणी घालायची. आरशासमोर दोघी गप्प बसायच्या, एक दिवस आईनेच त्या खुणेवरून बोट फिरवलं आणि "दुखतं का गं?" विचारलं. तुझ्या आईलाही थोडा वेळ लागेल.

तारीख ठरण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन ये. किडलेल्या दातातून जंतू रक्तात जाऊन नव्या व्हॉल्व्हला चिकटू शकतात, म्हणून दात आधीच नीट करून घेतात. पुढेही दाताचं काही काम निघालं तर व्हॉल्व्हचं आधी सांगायचं. तोवर पायावर सूज आली, बसल्याजागी धाप लागली किंवा छातीत धडधड थांबेना, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नकोस, त्याच रात्री दवाखाना गाठ.

पप्पांना तोंडाने सांगणं जमत नसेल तर हे वाचायला दे. आणि हॉस्पिटलच्या पिशवीत पुढून बटणांचे दोन गाऊन ठेव, डोक्यावरून घालायचे कपडे तेव्हा चालत नाहीत.